रिपोर्टमधला ‘पॉलिप’

शुगर, प्रेशर, थायरॉइड हे शब्द आपल्या घरांत कधीच रुळले. दस्तरखानावर बसल्याबसल्या आपण एकमेकांची शुगर विचारतो. पॉलिप हा शब्द मात्र अजून नवा आहे आणि नव्या पाहुण्याची भीती वाटते तशी त्याची भीती वाटते. रिपोर्टवर तो दिसला की घरातले कोणीतरी ‘गाठ’ म्हणते. गाठ म्हटले की दुसरे कोणीतरी हळूच ‘कॅन्सर’ म्हणते. संध्याकाळपर्यंत बातमी मोहल्लाभर झालेली असते आणि डॉक्टरांना तर अजून कोणी भेटलेलेही नसते.

या महिन्यात या शब्दावर लिहायचे कारण असे की गेल्या काही महिन्यांत दोन घरांतून जवळपास सारखेच रिपोर्ट आमच्याकडे वाचायला आले. शाळामास्तर म्हटले की इंग्रजी कागद वाचून देणे हे काम आपोआप अंगावर येते. बँकेची नोटीस, विम्याचा फॉर्म, आणि आता दवाखान्याची फाइल. आम्ही डॉक्टर नाही आणि डॉक्टरांचे काम हाती घेण्याचा आमचा इरादाही नाही. पण कागदावरचा शब्द काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, एवढे सांगणे मास्तराच्या आवाक्यातले आहे. बाकी आम्ही जाणकारांना विचारून घेतले.

पहिला रिपोर्ट आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीचा. वय चोवीस, मंगनी झालेली. दोन वर्षांपासून तिला शौचातून रक्त जायचे, कधी दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागायचे, वजन उतरत चालले होते. घरच्यांनी मूळव्याध समजून गावातल्या ‘मूळव्याध-भगंदर’ पाटीच्या दवाखान्यात इंजेक्शने घेतली, नंतर पुड्या घेतल्या. रक्त थांबेना. शेवटी मिरजेला नेऊन कोलोनोस्कोपी केली, म्हणजे कॅमेरा लावलेली लवचीक नळी गुदद्वारातून आत घालून मोठे आतडे तपासले. रिपोर्टवर आले ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ आणि त्याखाली ‘मल्टिपल स्यूडोपॉलिप्स’. तिचे अब्बा फाइल घेऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “सर, यात कॅन्सर लिहिलंय का, तेवढंच सांगा.” मुलीच्या फुफीने तर घरात सल्ला दिला होता की, समोरच्यांनी मंगनी तोडण्याआधी आपणच तोडलेली बरी, इज्जत तरी राहील.

तर आधी शब्दच पाहू. पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला उंचवटा. तो आतड्यात होतो, नाकात होतो, गर्भाशयातही होतो. हा शब्द फक्त आकार सांगतो, जात सांगत नाही. एखादा माणूस उंच आहे म्हटल्याने तो चांगला की वाईट हे कळत नाही, तसेच हे.

मोठ्या आतड्यातल्या ज्या पॉलिपला डॉक्टर जपून असतात त्याचे नाव अ‍ॅडिनोमा. आतड्याचे पुष्कळसे कॅन्सर अ‍ॅडिनोमापासून सुरू होतात हे खरे. पण त्यातले फार थोडेच त्या वाटेने जातात आणि जे जातात त्यांनाही साधारण दहा-दहा वर्षे लागतात. म्हणून सापडला की काढून टाकायचा, एवढा सरळ हिशेब असतो. हे काम पूर्वी पोट फाडून करावे लागे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या दोन डॉक्टरांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास आत नेऊन पॉलिप काढून दाखवला आणि तेव्हापासून हा प्रश्न बहुतेक वेळा टाक्याशिवाय सुटतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या रिपोर्टवर अ‍ॅडिनोमा नव्हता. तिथे ‘स्यूडो’ हा उपसर्ग होता. स्यूडो म्हणजे खोटा, नकली. हा पॉलिपसारखा दिसतो, पण पॉलिपच्या घराण्यातला नाही.

तो कसा तयार होतो हे समजायला आपल्याकडच्या लोकांना फार कष्ट पडू नयेत. २०१९ चा कृष्णेचा महापूर सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांनी पाहिला आहे. पूर ओसरल्यावर काठच्या शेतात काय दिसते? माती वाहून गेलेली असते आणि मधेच एखादा मातीचा ढीग उभा राहिलेला दिसतो. तो ढीग नव्याने वाढलेला नसतो. आजूबाजूची जमीन खचलेली असते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, अस्तर झडते. मधे जी जागा वाचते ती बेटासारखी वर दिसते. पुढे जखमा भरून येताना शरीर कधी गरजेपेक्षा जास्त भर घालते आणि त्याचेही लहानमोठे कोंब उभे राहतात. काही बोटासारखे, काही अळीसारखे लांबुळके, काही तर दोन्ही टोकांनी चिकटून पुलासारखे झालेले. भाजलेल्या कातडीवर जसा जाड वण राहतो, त्याच्याच जवळपासची ही गोष्ट. आता बरेच डॉक्टर स्यूडोपॉलिपऐवजी ‘पोस्ट-इन्फ्लमेटरी पॉलिप’ म्हणजे सूजेनंतरचा पॉलिप असे लिहितात. हे नाव जास्त नेमके आहे असे आम्हाला वाटते, कारण ‘खोटा’ म्हटले की रुग्णाला आपला आजारच खोटा ठरवला जातोय की काय असे वाटू लागते.

हा उंचवटा स्वतः कॅन्सरमध्ये बदलत नाही. अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले. बायोप्सीच्या कागदावर ‘निगेटिव्ह फॉर डिस्प्लेजिया’ असे स्पष्ट होते. डिस्प्लेजिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडून कॅन्सरच्या दिशेला झुकणे. अशा रिपोर्टमध्ये शोधायचा शब्द हा आहे, पॉलिप नव्हे. बायोप्सी या शब्दालाही आपल्याकडे लोक दचकतात, चिमटा लागला की आजार पसरतो असे सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत आहेत. प्रत्यक्षात काही मिलिमीटरचा तुकडा घेतलेला असतो, अस्तराला तो कापल्याची वेदनाही जाणवत नाही, आणि त्या तुकड्याशिवाय डॉक्टर फक्त अंदाज करू शकतात.

आणखी एक शंका अब्बांनी काढली. इतके सगळे पॉलिप आत दिसले तर डॉक्टरांनी ते कापून का टाकले नाहीत, पैसे कमी पडतील असे वाटले का? तसे काही नाही. स्यूडोपॉलिप कधी दहा-वीस असतात, कधी शंभराच्या वर. ते सगळे काढण्याची गरजही नसते आणि त्यात शहाणपणही नाही. ज्याचा चेहरा वेगळा वाटतो, जो फार मोठा आहे, ज्यातून सतत रक्त जाते किंवा क्वचित जो वाटच अडवतो, त्याचा तुकडा घेतात किंवा तो काढतात. बाकीचे तसेच राहतात. आजार औषधाने शांत झाला तरी ते बहुधा विरघळत नाहीत. पुढच्या तपासणीत पुन्हा तेच नाव दिसेल, तेव्हा पुन्हा घाबरू नये.

आता दुसऱ्या घराकडे येऊ, कारण तिथे चूक नेमकी उलट्या बाजूने झाली होती.

हे गृहस्थ पन्नाशीचे, किराणा दुकान चालवणारे. बारा वर्षांपासून हाच आजार. सहा वर्षांपूर्वीच्या कोलोनोस्कोपीत त्यांना स्यूडोपॉलिप सांगितले गेले आणि त्यांनी त्यातले ‘काही काळजी नाही’ हे एवढेच शब्द लक्षात ठेवले. सहा वर्षे तपासणी नाही, गोळ्याही मनाला येईल तेव्हा. त्यांच्या घरातून कागद आले ते जावयाच्या आग्रहामुळे झालेल्या नव्या तपासणीचे. स्यूडोपॉलिप होते तसेच होते, निरुपद्रवी. पण त्यांच्या मधल्या सपाट भागात, जिथे उंचवटा काहीच नव्हता, एका लहान पट्ट्यात ‘लो-ग्रेड डिस्प्लेजिया’ निघाले.

हीच या विषयातली खरी मेख आहे. साध्या माणसात धोका बहुतेक वेळा उंचवट्याच्या रूपाने येतो, दिसतो, काढता येतो. ज्यांच्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज आहे त्यांच्यात तो सपाट जमिनीवरही येऊ शकतो. आणि जिथे शंभर नकली उंचवटे उभे आहेत तिथे मधली जमीन नजरेतून सुटायला वेळ लागत नाही. म्हणून डॉक्टर अशा आतड्यात सावकाश पाहतात, काही ठिकाणी निळा रंग फवारून पाहतात, म्हणजे अस्तरावरचा बारीक फरक उठून दिसतो. उंचवटा घाबरवणारा आणि निरुपद्रवी, सपाट जागा साधी दिसणारी आणि कधी धोक्याची, असा हा उलटा प्रकार आहे.

दुकानदारांचे पुढे असे झाले की ती स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडूनही तपासून घेतली. डिस्प्लेजियाच्या निदानात असे दुसरे मत घेण्याची रीत आहे आणि ती मागायला संकोच करू नये. दोघांचे मत जुळले, तो पट्टा स्कोपमधूनच काढला गेला. आता त्यांना काही महिन्यांनी परत जायचे आहे आणि या वेळी जावई तारीख विसरू देणार नाहीत.

धोका किती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोजणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण दहा वर्षांनी सुमारे २ टक्के, वीस वर्षांनी ८ टक्के आणि तीस वर्षांनी १८ टक्के असे आले होते. नंतरच्या अभ्यासांत आकडे यापेक्षा बरेच खाली आले आहेत. औषधे सुधारली, तपासण्या नियमित झाल्या, त्याचा हा परिणाम मानला जातो. धोका सगळ्यांना सारखाही नसतो. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर तो जवळजवळ वाढतच नाही. सगळे मोठे आतडे सुजलेले असेल, सूज वर्षानुवर्षे धगधगत असेल, जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झालेला असेल किंवा पित्तनलिकांचा ‘पीएससी’ नावाचा आजार सोबत असेल, तर तो वाढतो.

आणि स्यूडोपॉलिप असले तर? पूर्वी डॉक्टर ते असण्यालाच धोक्याची खूण मानत. काही नियमावल्यांत तर त्यासाठी तपासणी दोन-तीन वर्षांनी करा असे लिहिलेले होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि नेदरलँड्समधल्या रुग्णालयांतल्या दीड हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: ज्यांना हे पॉलिप होते त्यांच्या आतड्याची सूज जास्त तीव्र आणि जास्त पसरलेली होती, त्यांच्यावर आतडे काढण्याची वेळही जास्त वेळा आली, पण कॅन्सरकडे जाणारे बदल मात्र पॉलिपमुळे वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे हा उंचवटा आग नाही, आग लागून गेल्याची राख आहे. राख पाहून पळायचे नसते, पण आग पुरती विझली का, हे पाहायचे असते.

सर्वसाधारण रीत अशी की आजाराची लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पहिली खास तपासणी करायची आणि पुढे धोका पाहून वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या अंतराने करत राहायचे. पीएससी असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी. ही तपासणी शक्यतो आजार शांत असताना करतात, कारण सूज जोरात असताना पेशी इतक्या विस्कटलेल्या असतात की बायोप्सी वाचणाऱ्यालाही फसायला होते.

हा तर गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे कुठला, असेही आम्ही ऐकले. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली होती, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. जनगणनेसाठी उन्हात दारोदार फिरलेल्या आम्हा मास्तरांना या कामाचे मोल जास्त कळते. त्यांना २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखाला सुमारे ४४. आजार आपल्या मुलखातही आहे, आपण त्याला मूळव्याध म्हणतो एवढेच. याच्याच जोडीचा क्रोन्स नावाचा दुसरा आजार लहान आतड्यातही होतो, त्यातही असे पॉलिप येऊ शकतात, आणि भारतात तो आतड्याच्या टीबीशी इतका मिळताजुळता दिसतो की निष्णात डॉक्टरांनाही वेळ लागतो. निदानाला उशीर झाला म्हणून लगेच डॉक्टर बदलत सुटू नये ते यासाठी. मात्र शौचातून वारंवार रक्त जात असताना आत न पाहता महिनोन्‌महिने मूळव्याधीचा इलाज चालू ठेवणे, याला आमच्याकडे माफी नाही.

मंगनीचे काय झाले, असे वाचक भगिनी विचारतीलच. मुलीच्या अब्बांनी फुफीचे ऐकले नाही. स्वतः फाइल घेऊन ते मुलाच्या घरी गेले आणि सगळे कागद समोर ठेवले. तिथे त्यांना दोन प्रश्न विचारले गेले. हा आजार एका ताटात जेवल्याने लागतो का? लागत नाही, तो जंतूंचा संसर्ग नाही. अशा मुलीचे ताट-पेला वेगळा काढणे हा निव्वळ जुलूम आहे. मुलांना होईल का? नात्यात आजार असल्याने शक्यता काहीशी वाढते, पण अशा आईबापांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. आजार शांत असताना गर्भ राहिला तर बाळंतपण बहुधा नीट पार पडते, फक्त लग्न ठरताच डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधे आधी बदलावी लागतात. आणि दिवस गेले म्हणून घाबरून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हे बाळासाठीही वाईट. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार किशोरवयापासून होता. २००७ मध्ये त्यांना त्यापायी पद सोडावे लागले, मग नव्या औषधाने बरे वाटू लागले तेव्हा २०१२ मध्ये ते परत आले आणि २०२० पर्यंत त्यांनी देश चालवला. एक संसार चालवायला आमची विद्यार्थिनी कमी पडेल असे आम्हाला वाटत नाही. मुलाकडच्यांनी विचाराला वेळ मागितला आहे. तारीख अजून ठरलेली नाही.

आता थोडे तपासणीच्या तयारीविषयी, कारण अर्धे लोक त्यातच हार खातात. आतडे स्वच्छ नसेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि सगळा खर्च वाया जातो. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, बिया आणि सालीचे पदार्थ बंद करायला सांगतात. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. गाळलेली यखनी चालते, पण बोटीचा तुकडा किंवा भाताचे शीत नको. बिनदुधाचा चहा चालतो. नारळपाणी चालते. रूह अफ्जा चालत नाही, कोणतेही लाल सरबत चालत नाही, कारण त्याचा रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचे औषध चव न पाहता पूर्ण प्यावे, अर्धे ओतून टाकू नये. बहुतेक ठिकाणी गुंगीचे इंजेक्शन देतात, म्हणून सोबत घरचे माणूस न्यावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत येऊ नये. मुलीला लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर किंवा नर्स सोबत असेल का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. विचारले तर बहुतेक ठिकाणी सोय होते.

रमजानमध्ये या रुग्णांचे हाल होतात ते बहुधा गोळ्या चुकल्याने. मेसालामीनसारखी गोळी बऱ्याच जणांना दिवसातून एकदा घेऊन चालते, ती सेहरी किंवा इफ्तारला बसवता येईल का हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावे. आजार उसळलेला असेल, रक्त जात असेल, तर आजाऱ्याला दिलेली सूट सूरह बकराच्या १८४-१८५ या आयतींत आहेच, ती घ्यायला लाजू नये. तातडीची नसलेली कोलोनोस्कोपी ईदनंतर घेता येते. तातडीची असेल तर ईदची वाट पाहू नये.

जुने कागद मात्र जपून ठेवा. पुढच्या तपासणीत डॉक्टर पहिली गोष्ट मागील स्कोप आणि मागील बायोप्सी पाहतात, कोणता उंचवटा जुना आणि कोणता नवा हे त्यावरूनच कळते. मोबाइलमधला फोटोही चालतो, पण सगळी पाने घ्या. दुकानदारांच्या घरून आमच्याकडे आले होते ते पहिले पान आणि बिलाची पावती. निदान लिहिलेले पान गल्ल्यातच राहिले होते.